शहरातला लाकूडकचरा आणि पऱ्हाटी: आमच्या होस्टेलचं पाणी यावर तापेल का?

तापीकाठचा

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबट होणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

जळगावात माझं मुलांचं होस्टेल आहे. साठ पोरं, बहुतेक चोपडा, यावल, रावेर, शिरपूरकडची. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत पहाटे साडेपाच ते साडेसात एवढ्या वेळात साठ बादल्या गरम पाणी लागतं. उशीर झाला की पोरं अंघोळ न करता क्लासला पळतात आणि रात्री त्यांच्या आयांचे फोन मला येतात. सध्या गॅसवर तापवतो. गॅसचं बिल बघितलं की मलाच घाम फुटतो, अंघोळ वेगळी करायला नको.

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. गल्लीच्या तोंडाशी तारांखालच्या निंबाच्या आणि गुलमोहराच्या फांद्या छाटल्या. मनगटाएवढं, मांडीएवढं लाकूड तीन दिवस तिथेच पडून होतं. चौथ्या दिवशी ट्रॅक्टर आला आणि सगळं भरून कचरा डेपोकडे घेऊन गेला. उरल्यासुरल्याची आमच्या वॉचमनने शेकोटी केली. तो तिथे हात शेकतोय आणि मी इकडे गॅसची टाकी बदलतोय, असं ते दृश्य होतं.

भाचा व्हिएन्नाला असतो. तिथे सिमरिंग भागात २००६ पासून लाकडाच्या चिपांवर चालणारं एक मोठं केंद्र आहे. त्यातून वीज निघते आणि शहराच्या पाईपांतून घरं गरम करणारं पाणीही. फोटो पाठवून म्हणतो, "मामा, तुमच्याकडे तर पऱ्हाटी वावरातच पेटवून देतात." पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेली कपाशीची झाडं.

तर प्रश्न असा, की झाडांची छाटणी, वखारीतला भुसा, सुतारांचे तुकडे, आसपासच्या गावांतली पऱ्हाटी हे सगळं आपल्या खानदेशातल्या शहरांत उष्णतेसाठी नीट वापरता येईल का? चुलीचा धूर करून नव्हे, शिस्तीत. कुणी केलंय का?

---

मेहरूणची बोरं

जळगावात हीटिंग! १५ मेला दुपारी दोन वाजता टाकी गच्चीवर ठेवा, चहासुद्धा उकळेल.

बाकी विषय चांगला आहे. वाचतेय.

---

शिरपूर ते सोल्ना

स्टॉकहोमला अकरा वर्षं झाली, म्हणून लिहितो.

इथे व्हेर्तान बंदरावर २०१६ मध्ये असंच एक मोठं केंद्र सुरू झालं. साधारण १३० मेगावॉट वीज आणि २८० मेगावॉट उष्णता. जंगलतोडीनंतर उरलेल्या फांद्या, शेंडे, लाकूड गिरणीतली साल यांच्या चिपा जहाजाने आणि रेल्वेने येतात. घरात कुणाला आग दिसत नाही, धूर दिसत नाही. आमच्या इमारतीच्या तळघरात फ्रिजएवढा एक हीट एक्स्चेंजर आहे, शहराच्या पाईपातलं गरम पाणी तिथवर येतं आणि थंड होऊन परत जातं. एवढंच.

पण भाच्याच्या फोटोत न दिसणारी गोष्ट सांगतो. यातला खरा खर्च भट्टीचा नसतो, जमिनीखालच्या पाईपांचा असतो. आमच्याकडे वर्षातले सात-आठ महिने घरं तापवावी लागतात, म्हणून तो वसूल होतो. त्यालाही काही दशकं गेली. १९७० च्या दशकात तेल महागल्यावर विचार सुरू झाला, १९८० मध्ये वेक्श्यो नावाच्या छोट्या शहराने पहिल्यांदा लाकडावर शहरभर उष्णता पुरवायला सुरुवात केली आणि १९९१ मध्ये कार्बन कर आला. त्यात तेल-कोळसा महाग झाला आणि लाकडाला सूट मिळाली. तुम्ही जळगावात चार महिन्यांच्या दोन तासांसाठी पाईप घातलेत तर तुमच्या नातवालाही ते परवडणार नाहीत.

तुमच्या प्रश्नाशी जास्त जुळणारं शहर अमेरिकेतलं सेंट पॉल. तिथे २००३ पासून शहरातल्या छाटणीचं आणि पडलेल्या झाडांचं लाकूड जाळून वीज आणि उष्णता करतात. पुढे एका भुंगेऱ्याने तिथली अॅशची झाडं मारायला सुरुवात केली, तेव्हा ते सगळं लाकूड टाकायचं कुठे याचं उत्तर शहराकडे आधीच होतं.

आणि एक गोष्ट जरूर उचला. इथे लाकडाचे पैसे वजनावर देत नाहीत. गाडी आली की नमुना काढतात, त्यातली ओल मोजतात आणि त्या लाकडातून किती उष्णता मिळणार यावर पैसे ठरतात. वजनावर भाव ठरवला की विकणारा पाणी मारून आणतो. हे स्वीडिश लोकांना कळतं तर आपल्याकडे कापूस विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला समजावून सांगायला नको!

---

दुसऱ्या वर्गाचा

मी एमआयडीसीत बॉयलर चालवतो. नाव दुसऱ्या वर्गाच्या सर्टिफिकेटवरून घेतलंय, रेल्वेच्या डब्यावरून नाही.

सोल्नावाल्या भाऊंनी ओलीचा मुद्दा काढला ते बरं केलं, कारण सगळं तिथेच आहे. तापीकाठचे भाऊ, तुमचाच हिशोब मांडतो.

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते. तुम्हाला २० अंशांचं पाणी ६० अंशांपर्यंत न्यायचंय. साठ पोरांना प्रत्येकी दहा लिटर कडक पाणी दिलं आणि त्यांनी तेवढंच गार मिसळलं की एकेक बादली झाली. म्हणजे ६०० लिटर गुणिले ४० अंश, झाले २४,००० किलोकॅलरी.

आता इंधन. गॅस किलोला ११,००० किलोकॅलरीच्या आसपास देतो. उन्हात नीट वाळलेलं लाकूड, ज्यात वीसेक टक्के ओल उरली आहे, ते साधारण ३,५०० देतं. पांढरा कोळसा, म्हणजे पिकांचा कचरा दाबून केलेल्या कांड्या, ३,८०० ते ४,०००. तुमचा तो गल्लीतला ताजा निंब, ज्याच्यात निम्मं वजन पाण्याचं, तो २,००० च्या आतबाहेर. बरं, बंबात जेवढं जळतं तेवढं सगळं पाण्यात उतरत नाही. चांगला जॅकेटचा, म्हणजे आगीभोवती पाण्याचं वेष्टण असलेला बंब असेल तर निम्मी उष्णता पाण्याला लागते. म्हणजे वाळलेलं लाकूड रोज १४ किलो. ओलं लाकूड घातलं की आगच थंड पडते, निम्म्याऐवजी तिसरा हिस्सा जेमतेम कामाला येतो. मग तेच पाणी तापवायला ३५ किलो लागतं. शिवाय धूर, शिवाय धुराड्यात डांबर. ओलं लाकूड घेणं म्हणजे आधी पाणी विकत घ्यायचं आणि मग ते उकळायला लाकूड जाळायचं.

धुराबद्दल एक सांगतो, लोक इथेच चुकतात. लाकूड तापलं की त्याच्या वजनाचा पाऊण हिस्सा वायू होऊन बाहेर पडतो. तो वायू पेटला तर ज्वाळा, न पेटता निघून गेला तर धूर. म्हणून जाळीखालून हवा द्यायचीच, पण ज्वाळेच्या वरच्या भागातही बारीक भोकांतून हवा द्यायची. त्याला आम्ही सेकंडरी एअर म्हणतो. आणि भट्टी गच्च भरायची नाही, थोडं थोडं घालायचं. नव्या पोराला हे शिकवायला मला एक हिवाळा लागतो.

खानदेशात हे नवीन नाही. इथल्या किती कारखान्यांत पांढरा कोळसाच जळतो. पऱ्हाटी, तुराट्या, भुईमुगाची टरफलं, भुसा यांचा चुरा करून मशीनमध्ये दाबतात, ९० मिलिमीटर जाडीची कांडी निघते. त्यात गोंद वगैरे काही घालत नाहीत. दाबाने आणि घर्षणाने लाकडातलं लिग्निन मऊ होतं, तेच चिकटवतं. चुऱ्यात ओल जास्त असली तर कांडी बाहेर येताच फुटते.

तीन सूचना. एक, केळीचं काहीही भट्टीत आणू नका. खांबात नव्वद टक्के पाणी, आणि वाळवलंच तर पोटॅश इतकं की राख वितळून जाळीवर काच जमते. त्याला क्लिंकर म्हणतात, तो फोडायला छिन्नी लागते. केळीचा खांब खतात किंवा धाग्यात जाऊ द्या. दोन, १०० अंशांच्या खाली पाणी तापवणारा बंब बॉयलर कायद्यात येत नाही, पण वरचा हवेचा पाईप कायम उघडा राहिला पाहिजे. कुणी हुशारी करून त्याला कॉक बसवला की तो बंब राहत नाही, बॉम्ब होतो. तीन, भाव विचारू नका, सीझनला दर आठवड्याला बदलतो.

---

वावरमाना गडी

भाऊ, तुमनं व्हिएन्नाफिएन्ना ठीक शे, पन पऱ्हाटी उपटाले मजूर तुमना भाचा धाडी का?

आते मराठीमा लिखस, बठ्ठासले समजाले पाहिजे.

आमच्याकडे शेवटची वेचणी झाली की पऱ्हाटी उभीच राहते. पूर्वी माझी माय ती वर्षभर चुलीत जाळायची, वाड्याच्या कुडालाही तीच. आता घरात गॅस आहे. चिमटा घेऊन एकेक झाड उपटायचं, जुड्या बांधायच्या, बांधावर आणायचं, याला मजूर मिळत नाही आणि मिळाला तर त्याची मजुरी पऱ्हाटीच्या भावापेक्षा जास्त. म्हणून काडी लावतात. हौस म्हणून कुणी लावत नाही.

दुसरं, बोंडअळी. गुलाबी बोंडअळीचे कोष पऱ्हाटीत आणि तिच्यावर राहिलेल्या किडक्या बोंडांत दडून बसतात. कृषी खातं दरवर्षी सांगतं, फरदड (वेचणी संपल्यावर त्याच झाडांवर पुन्हा घेतलेलं पीक) घेऊ नका, पीक संपलं की पऱ्हाटी लवकर काढा आणि बांधावर गंजी लावून ठेवू नका. म्हणजे शहरवाल्यांना पाहिजे असेल तर जानेवारीतच न्या. मे महिन्यात ट्रॅक्टर घेऊन याल तोवर अळी पुढच्या कपाशीवर जायला तयार.

तिसरं, ट्रॉलीत सुटी पऱ्हाटी भरली की डोंगर दिसतो आणि वजन काट्यावर काहीच भरत नाही. हवा वाहून नेण्याचं भाडं कोण देणार? वावरातच कुट्टी करणारं मशीन आलं तर जमतं. आमच्या भागात एक माणूस ते मशीन घेऊन फिरतो, पण त्याची कुट्टी पांढऱ्या कोळशाच्या कारखान्यात जाते.

आणि चौथं, जे कुणी बोलत नाही. सगळंच शहरात जाळलं तर मातीला काय? मी निम्मी पऱ्हाटी रोटाव्हेटरने जमिनीत घालतो. दोन वर्षांत नांगर हलका चालायला लागला.

---

रंधा

सुताराची पोर आहे, भुसावळची. लाकूडकचरा म्हणजे सगळं एकच, असं वरती गृहीत धरलंय, त्यावर लिहिते.

बाबांच्या कारखान्यात तीन ढीग असायचे. पहिला सागाचा, बाभळीचा, निंबाचा: तुकडे, ढलप्या, रंध्याची भुरी. हा जळाऊ. दुसरा प्लायवूड, पार्टिकल बोर्ड, एमडीएफचा. त्यात फॉर्माल्डिहाइड या विषारी रसायनाचा डिंक असतो. तिसरा रंगवलेलं, पॉलिश मारलेलं, सनमायका चिकटवलेलं लाकूड, जुन्या खिडक्या-दारं. बाबा हा ढीग कुणाला चुलीसाठी नेऊ द्यायचे नाहीत. शेजारची एक मावशी एकदा गुपचूप घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी डोळे सुजवून परत आली. जुन्या तेलरंगात शिसंही असतं, ते राखेत उतरतं आणि तीच राख मग लोक भांड्यांना लावतात.

आजकाल फर्निचरच्या दुकानांत पहिला ढीग जवळपास नसतोच, सगळा दुसरा आणि तिसरा. त्यामुळे "शहरात सुतारकामाचा भरपूर कचरा आहे" असं कुणी म्हणालं की आधी हात घालून बघा. कारखान्यांत माल येतो ते लाकडी पॅलेट मात्र चांगले. त्यावर शिक्का असतो. "एचटी" असेल तर लाकूड फक्त तापवून कीडमुक्त केलेलं. "एमबी" असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ते नको. आणि खिळे काढा, नाहीतर दुसऱ्या वर्गाचे दादा ओरडतील.

भुशाबद्दल. आमच्या घरी भुशाची शेगडी होती, आता ती कुणाला आठवते की नाही देवजाणे. पत्र्याचा डबा, खाली बाजूला एक भोक. त्या भोकातून एक दांडका आडवा सारायचा, वरून मधोमध सोड्याची रिकामी बाटली उभी करायची आणि तिच्याभोवती भुसा घालून मुसळीने ठोकत जायचं. गच्च, अगदी गच्च. मग बाटली गोल फिरवत हलकेच वर काढायची, दांडकाही काढायचा. मधे धुराड्यासारखी पोकळी तयार. खालून कागद पेटवून सारला की आतल्या भिंती हळूहळू लालबुंद होत जायच्या. एका भरणीत दोन्ही वेळचं पाणी आणि बाबांचा सरस. बाटली काढताना हात हलला की सगळा भुसा ढासळायचा आणि आई पहिल्यापासून ठोकायला लावायची. ते काम माझं होतं.

आता भुसा शिल्लकच राहत नाही. पोल्ट्रीवाले, अगरबत्तीवाले, अळंबीवाले आधीच बोलून ठेवतात.

---

खिडकीबंद

सगळ्यांचा उत्साह बघून बरं वाटलं, पण आमच्या मागे एक भट्टी आहे. नाव-गाव लिहीत नाही. रोज पहाटे चार वाजता पेटते आणि आम्ही बारा महिने खिडकी लावून झोपतो. मुलाला दमा आहे. तिथे काय जळतं ते मी डोळ्यांनी बघितलंय: जुनी दारं, प्लायचे तुकडे, पेटत नसेल तर वरून प्लास्टिकची पिशवी. रंधाताईंचा तिसरा ढीग तिथेच येत असणार.

जळगाव शहर हवेच्या दर्जाचे निकष न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत आहे, २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात. मुंबईत जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. मोठं शहर लाकडापासून दूर निघालंय आणि आपण लाकडाकडे? स्टॉकहोमच्या चिमणीला फिल्टर असतात. तुमच्या होस्टेलच्या बंबाला काय असणार?

---

दुसऱ्या वर्गाचा

ताई, तुमचं बरोबर आहे आणि मी त्यावर वाद घालणार नाही. मोठ्या बॉयलरला धुरातली राख गोल फिरवून खाली पाडणारा सायक्लोन असतो, पिशव्यांचे फिल्टर असतात, तपासणी असते. गल्लीतल्या भट्टीला यातलं काही नसतं. माझं मत विचाराल तर दाट वस्तीत लाकडाच्या पन्नास छोट्या भट्ट्या नकोतच. एकच मोठी, वस्तीबाहेर, फिल्टरसकट असावी. लाकूड वाईट नाही, ते कुठे आणि कसं जळतं यावर सगळं आहे.

---

हिशोबी

साठ बादल्यांसाठी एवढा खटाटोप कशाला? सौर बंब लावा. शंभर लिटरला साधारण दोन चौरस मीटरचं पॅनेल लागतं, तुम्हाला बारा चौरस मीटर. होस्टेलच्या गच्चीवर पोरांचे कपडे वाळतात त्याच्या निम्म्या जागेत बसेल. खानदेशात ऊन किती, हे कुणी सांगायला नको. ६० अंशांचं पाणी उन्हाने होतं, त्यासाठी हजार अंशांची आग लावणं मला पटत नाही. विजेवर करायचं म्हटलं तर तेच २४,००० किलोकॅलरी म्हणजे रोज २८ युनिट.

आग जिथे आगच लागते तिथे वापरा.

---

मिरची पथारी

हिशोबी यांच्या शेवटच्या वाक्यावरून लिहितोय. नंदुरबारला लाल मिरची पथारीवर वाळत घालतात. माळरानावर लाल गालिचा, फोटोला झकास. अवकाळी पाऊस आला की सगळं काळं पडतं, बुरशी चढते, आणि एका रात्रीत ताडपत्र्या कितीही धावत घातल्या तरी पुरत नाहीत. तिथे बायोमासवर, म्हणजे लाकूडफाटा आणि पिकांच्या कचऱ्यावर, चालणारी गरम हवेची खोली असावी असं मला फार वाटतं. धूर मिरचीला लागता कामा नये, म्हणून भट्टीची उष्णता पाईपांतून हवेला द्यायची आणि ती ५०-६० अंशांची हवा मिरचीवरून फिरवायची. वर्षातले पावसाचे चारच दिवस वापरली तरी माझ्या मते पैसे वसूल.

---

भरीतपार्टी

एवढा मोठा धागा झाला आणि कुणी भरिताचं नाव काढलं नाही? खानदेशी माणसं ना तुम्ही?

जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन आहे. असोद्या-भामण्याकडची ती हिरवी, पांढरट रेघांची वांगी हिवाळ्यात येतात आणि शहरभर भरीत सेंटरं उघडतात. ती वांगी कशावर भाजतात? पऱ्हाटीवर! पऱ्हाटीचा जाळ भसकन मोठा होतो आणि लगेच बसतो, त्यामुळे साल करपते, आतलं मऊ होतं आणि धुराचा वास मुरतो. गॅसवर भाजलेलं भरीत मी खात नाही, तोंडावर सांगतो. म्हणजे शहरातला बायोमासचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात चविष्ट धंदा आपल्याकडेच आहे. व्हिएन्नाला कळवा.

---

मेहरूणची बोरं

भामणं नाही हो, बामणोद. भरिताच्या गावाचं नाव चुकलं की खानदेशी सर्टिफिकेट रद्द होतं.

---

भरीतपार्टी

चूक कबूल. घाईत टायपलं, पोटात भूक होती.

---

कार्बनचा काटा

लाकूड म्हणजे परत परत उगवणारं, नूतनीकरणक्षम इंधन, असं सगळे बिनधास्त गृहीत धरतायत म्हणून एक खडा टाकतो. झाड जाळलं की कार्बन आज हवेत जातो आणि तो परत शोषायला नवं झाड तीस-चाळीस वर्षं घेतं. इंग्लंडमधलं ड्रॅक्स वीज केंद्र अमेरिकेतून जहाजाने लाकडी पेलेट्स (दाबून केलेल्या गोळ्या) आणून जाळतं, त्यावर तिकडे वर्षानुवर्षं भांडणं चालू आहेत. पऱ्हाटीचं गणित वेगळं, ती दरवर्षी उगवते. छाटणीच्या फांद्यांचंही वेगळं, त्या नाहीतरी डेपोत कुजणार किंवा जळणारच होत्या.

माझी भीती दुसरी आहे. आज छाटणीचं लाकूड फुकट आहे. उद्या त्याला भाव आला की छाटणी थोडी जास्त होईल. परवा फांदीऐवजी खोड निघेल. शहरी झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरण आहे, परवानगी लागते, सगळं खरं. पण रस्त्याच्या कडेच्या निंबाची सावली कुठल्या हिशोबात धरणार? ४५ अंशांच्या शहरात उष्णता मिळवण्यासाठी सावली तोडणं याच्यासारखा विनोद नाही.

आणि तापीकाठचे, रस्त्यावर पडलेली फांदी फुकट दिसली तरी न विचारता उचलू नका. ती कुणाची तरी असते.

---

शिरपूर ते सोल्ना

कार्बनचा काटा यांच्याशी सहमत. इथेही हाच वाद आहे.

अवांतर: पुण्यातल्या डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेला उसाच्या पाचटापासून कोळसा करण्यासाठी २००२ मध्ये ब्रिटनचा अॅशडेन पुरस्कार मिळाला होता. वावरात जे नाहीतरी जळून जातं त्याचं इंधन करायचं, ही कल्पना आपल्याकडे बाहेरून आलेली नाही.

भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राबद्दल कुणाला आतली माहिती आहे का? २०२१ मध्ये केंद्र सरकारने कोळशाच्या वीज केंद्रांना पाच टक्के बायोमास मिसळायला सांगितलं होतं. तिथले ५०० मेगावॉटचे संच दिवसाला हजारो टन कोळसा खातात. त्याच्या पाच टक्के म्हटलं तरी जिल्ह्यातली बरीच पऱ्हाटी ओढली जाईल. मग होस्टेलला कोण विचारणार?

---

वावरमाना गडी

इचारू दे. भाव वाढला तर आम्ही कशाला ओरडू?

---

तापीकाठचा

धागा वर काढतोय. मधे बराच काळ गेला, माफ करा. सगळ्यांचं वाचलं, वहीत उतरवलं आणि त्यातलं काही करून बघितलं. काय झालं ते सांगतो, चुकांसकट.

पहिली चूक माझीच. दुसऱ्या वर्गाच्या दादांचं वाचून उत्साहात पांढऱ्या कोळशाची वीस पोती आणली आणि जिन्याखाली उघड्यावर रचली. नोव्हेंबरात अवकाळी आला. दुसऱ्या दिवशी पोत्यांत कांड्या नव्हत्या, ओला भुसा होता, हाताने पिळता येईल असा. दाबून केलेली कांडी पाण्यात विरघळते, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही. पोरांनी त्याला "होस्टेलचा उपमा" असं नाव ठेवलं. गच्चीवर पसरून वाळवला आणि रंधाताईंची शेगडी आठवून जुन्या तेलाच्या डब्यात बाटली ठेवून ठोकला. तिसऱ्या प्रयत्नाला जमलं. पहिल्या दोन वेळा बाटली काढताना ढासळला. ताई, तुमच्या आईंचा नियम इथेही लावला, पहिल्यापासून!

नंतर हिशोबींचं ऐकून सौर बंब लावला. ६०० लिटरचा, रात्रभर पाणी गरम ठेवणाऱ्या टाकीसकट. खरं सांगतो, हिवाळ्यातले बहुतेक दिवस तेवढ्यावरच भागतं. अडचण दोनच वेळा येते: ढग आले की, आणि साडेसातच्या शेवटच्या दहा पोरांना कोमट पाणी मिळालं की. त्यासाठी मागच्या अंगणात जॅकेटचा लोखंडी बंब ठेवलाय, चिमणी दोन मजले वर नेली आहे. हवेचा पाईप उघडा आहे, त्यावर लाल रंगाने "हात लावू नये" असं लिहून घेतलंय. सेकंडरी एअरची भोकं फॅब्रिकेटरकडून पाडून घेतली. त्याला पटत नव्हतं, भोकं पाडली तर धूर बाहेर येईल म्हणत होता. पेटवून दाखवल्यावर गप्प झाला.

इंधन पऱ्हाटीचं. मामांच्या वावरातून जानेवारीतच आणली, कुट्टी करून, पत्र्याच्या शेडखाली. पूर्ण चार महिने लाकडावरच तापवलं असतं तर १४ किलोच्या हिशोबाने १,७०० किलोच्या आसपास लागलं असतं. हेक्टरी दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते, म्हणजे एका हेक्टरमध्ये आमचा हिवाळा निघून गेला असता. प्रत्यक्षात सौर असल्यामुळे त्याच्या पाव हिस्सासुद्धा लागलं नाही. उरलेली मामांनी जमिनीत घातली. वावरमाना गडी भाऊंचं वाक्य वाचून दाखवलं होतं त्यांना.

ज्या दिवशी लाकूड जळतं त्या दिवशी वजन करतो. एकदा १३ किलोत भागलं, एकदा २१ लागलं. २१ लागलं त्या दिवशी कुट्टीवर रात्रीचं दव पडलेलं होतं, ताडपत्री सरकली होती. दादा, तुमचं ओलीचं गणित माझ्या अंगणात बरोबर उतरलं.

छाटणीच्या लाकडाचं मात्र काही जमलं नाही. विचारायला गेलो होतो. कुणाला विचारायचं हेच तिथे कुणाला माहीत नव्हतं. मी नाद सोडला. वॉचमनला सांगितलंय, शेकोटी करायची तर कर, पण प्लाय घालू नको.

खिडकीबंद ताई, धुराचं म्हणाल तर पेटवल्यानंतरची पाच-सात मिनिटं दिसतो, नंतर चिमणीवर फक्त हवा थरथरताना दिसते. शेजारच्या काकूंना दोनदा गच्चीवर बोलावून दाखवलं. त्या म्हणाल्या, ठीक आहे, पण माझे पापड वाळत असतील त्या दिवशी पेटवू नका. मान्य केलंय.

---

दुसऱ्या वर्गाचा

जमवलंत की राव. राख किती निघते? पऱ्हाटीची राख लाकडापेक्षा जरा जास्त असते. जाळीवर खडे धरतायत का?

---

तापीकाठचा

खडे नाहीत धरले. एकदा कुट्टीबरोबर मातीची ढेकळं आली होती, तेव्हा चिकट चकती निघाली, हातोडीने फुटली. आता कुट्टी चाळून घेतो.

राख म्हणाल तर रोज पेटवलं त्या आठवड्यात एक घमेलं. वॉचमनची बायको घेऊन जाते, वांग्यांवर टाकायला. भरिताची वांगी लावली आहेत तिने मागच्या जागेत.

---

भरीतपार्टी

पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा.